डीसीएक्सनंतरचा जेएनझेड का फसतो

८०८५ या मायक्रोप्रोसेसरवर १००० बाइट मेमरी शून्य करणारा एक तयार प्रोग्राम पहिल्याच बाइटवर थांबत होता. त्यात एक्सआरए ए ने ॲक्युम्युलेटर (ए रजिस्टर) शून्य करून, एचएल या रजिस्टर-जोडीत मेमरीचा पत्ता व बीसी जोडीत ०३ई८एच (म्हणजे १०००) भरून, लूपच्या शेवटी डीसीएक्स बी (बीसी जोडी एकने कमी करणारी) आणि जेएनझेड (झीरो फ्लॅग, म्हणजे निकाल शून्य आला की १ होणारा बिट, ० असेल तरच उडी घेणारी) या सूचना लिहिल्या होत्या. एकच रजिस्टर एकने कमी करणारा डीसीआर झीरो फ्लॅग बदलतो, पण डीसीएक्स तो बदलत नाही. एलएक्सआय (जोडीत संख्या भरणारी), एमओव्ही (बाइटची नक्कल करणारी) व आयएनएक्स (जोडी एकने वाढवणारी) या सूचनांचाही त्यावर परिणाम होत नसल्याने एक्सआरए ने १ केलेला फ्लॅग तसाच राहिला आणि जेएनझेडने उडी घेतलीच नाही. आरंभी फ्लॅग ० असता, तर हाच लूप कधीच थांबला नसता, आणि ते अधिक घातक ठरले असते.

डीसीएक्स बी नंतर एमओव्ही ए, बी (बी ची नक्कल ए मध्ये) आणि ओआरए सी (ए व सी यांचे ऑर) या सूचना घातल्यावर बी व सी दोन्ही शून्य झाल्यावरच फ्लॅग १ होऊ लागला. मात्र त्यामुळे ॲक्युम्युलेटरमधील शून्य पुसले जाते, म्हणून एमओव्ही एम, ए ऐवजी मेमरीत थेट शून्य लिहिणारे एमव्हीआय एम, ००एच वापरले. ओआरए कॅरी फ्लॅगही (बेरजेतला हातचा ठेवणारा बिट) ० करतो. त्यामुळे एका बाइटचा हातचा पुढच्या बाइटमध्ये न्यावा लागणाऱ्या बहुबाइट बेरजेच्या लूपमध्ये हा उपाय जसाच्या तसा चालणार नाही.