मुलांच्या क्रिकेट टूर्नामेंटचे नियम लिहिताना या चुका टाळा

उन्हाळी सुट्टी लागली की जिकडे तिकडे अंडर-१२, अंडर-१४ च्या टूर्नामेंट सुरू होतात आणि नियमांचा कागद बघितला तर त्यावर एन्ट्री फी, टीमची संख्या, ट्रॉफी, मॅन ऑफ द सिरीजला काय मिळणार हे सगळं असतं, आणि शेवटी एक ओळ, "बाकी सर्व नियम आयसीसीप्रमाणे, अंपायरचा निर्णय अंतिम राहील". लीग मॅचेस त्यावर निघून जातात. सेमीफायनलला मॅच टाय होते किंवा वळीव येतो, दोन्ही बाजूचे कोच आणि पालक मैदानात उतरतात, आणि मधे ती १३-१४ वर्षांची पोरं पॅड बांधून नुसती उभी राहतात. भांडण नेहमी जे कागदावर नसतं त्यावरच होतं, म्हणून खाली लिहितोय ते टूर्नामेंटच्या आधी एकदा वाचा आणि आपापल्या कागदाशी ताडून बघा.

"आयसीसीप्रमाणे" ही ओळ काढून टाका

क्रिकेटचे मूळ नियम आयसीसी बनवत नाही, ते लंडनच्या मेरीलबोन क्रिकेट क्लबचे (एमसीसी) असतात, एकूण ४२. आणि या ४२ नियमांत फ्री हिट (नो बॉलनंतरचा बॉल, ज्यावर रनआउटसारखे मोजके प्रकार सोडले तर आउट नसतं) नाही. पॉवरप्ले नाही, सुपर ओव्हर (टाय झाल्यावर दोन्ही टीमना एकेक जादा ओव्हर) नाही, डकवर्थ-लुईस (पावसाने ओव्हर कमी झाल्या की टार्गेट काढायची पद्धत) नाही, एका बॉलरला ४ च ओव्हर हेही नाही. हे सगळं त्या त्या स्पर्धेच्या प्लेइंग कंडिशन्समध्ये, म्हणजे स्पर्धेच्या स्वतःच्या जादा नियमांत, लिहिलेलं असतं म्हणून लागू होतं, म्हणजे तुमच्या कागदावर फ्री हिट लिहिलेली नसेल तर फ्री हिट नाहीच, मग टीव्हीवर रोज दिसत असली तरी. उलट बाजूने पण बघा, मूळ नियमांत जखमी बॅट्समनला रनर (त्याच्यासाठी धावणारा टीममधला दुसरा खेळाडू) मिळतो, आयसीसीने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०११ पासून बंद केला. आता तुमच्या मॅचमध्ये पोराचा पाय मुरगळला आणि कोचने रनर मागितला तर द्यायचा की नाही? "आयसीसीप्रमाणे" म्हणालात तर नाही, आणि लहान मुलांच्या मॅचमध्ये ते मला तरी बरोबर वाटत नाही.

तर ओळ अशी लिहा की मूळ नियम एमसीसीचे, आणि खालच्या मुद्द्यांवर आमचे नियम वेगळे आहेत. मग ते मुद्दे एकेक करून लिहा. ओव्हर किती, एका बॉलरला जास्तीत जास्त किती, फ्री हिट कुठल्या नो बॉलला (फक्त पायाच्या की सगळ्या), ३० यार्डांचं सर्कल आहे का आणि बाहेर किती फिल्डर, रनर मिळणार का. दोन पानं होतील, होऊ द्या.

वयाचा घोळ

"अंडर-१४" लिहिलं पण कुठल्या तारखेला १४ ते लिहिलं नाही, ही चूक तर इतकी कॉमन आहे की काय सांगू. बीसीसीआय १ सप्टेंबर ही तारीख धरते, तीच धरलीत तर मुलांना आणि कोचना आधीच माहीत असते. कागद कुठला चालेल तेही ठरवा, जन्मदाखला मागा, नुसतं आधार कार्ड नको कारण त्यावरची तारीख बदलून घेतलेली असू शकते. बोर्ड वय तपासायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं, ते आपल्या पातळीवर शक्य नाही आणि करूही नका, पण कागद टूर्नामेंट सुरू व्हायच्या आधी तपासा. मॅच हरल्यावर समोरच्या टीमने "तो पोरगा १६ चा आहे" म्हणायचं आणि मग ३०० लोकांसमोर त्या मुलाला कागद दाखवायला लावायचा, हे अजिबात व्हायला नको. ठरलेल्या तारखेनंतर वयाची तक्रार घेणार नाही असं लिहून टाका.

मोठ्यांचा बॉल आणि मोठ्यांचं पिच

अंडर-१२ ची मुलं २२ यार्डांवर साडेपाच औंसाच्या सीझन बॉलने खेळतात आणि मग प्रत्येक ओव्हरला चार वाइड आणि दोन टप्पे पडलेले बॉल. मूळ नियमांतच १३ वर्षांखालच्या मुलांसाठी हलका बॉल सांगितलाय, १३३ ते १४४ ग्रॅमचा, दुकानात पावणेपाच औंसाचा म्हणून मिळतो. मोठ्यांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, छोट्या हाताला हा फरक खूप असतो. पिचचंही तेच, इंग्लंडमध्ये अंडर-११ ला २० यार्ड आणि अंडर-१३ ला २१ यार्ड खेळवतात, आपण स्टम्प एका बाजूने दोन यार्ड आत घेतले आणि क्रीज नव्याने आखली की काम झालं. मॅटिंगवर तर अजून सोपं.

वाइडबद्दल एक आग्रहाने सांगतो. अंडर-१२ मध्ये प्रत्येक वाइड आणि नो बॉल परत टाकायला लावलात तर एक ओव्हर १२-१३ बॉलची होते, बॉलर रडकुंडीला येतो आणि मॅच दुपारच्या उन्हात जाते. त्यापेक्षा वाइडला २ रन द्या आणि बॉल परत टाकायला नको, फक्त शेवटच्या ओव्हरला परत टाकायचा, किंवा ओव्हर जास्तीत जास्त ८ बॉलची. यातलं एक निवडा आणि स्कोअररला आधी सांगा. लेग साइडचा प्रत्येक बॉल वाइड ही पण टीव्हीची सवय आहे, ती कंडिशन आहे, मूळ नियम इतका कडक नाही. पिचवर दोन्ही बाजूंना रेषा आखा, वाद तिथेच मिटतो.

नो बॉलची उंची

इथे चांगले अनुभवी अंपायरसुद्धा गोंधळतात म्हणून जरा सविस्तर. फुलटॉस कंबरेच्या वर असेल तर नो बॉल, पण कंबर मोजायची ती बॅट्समन क्रीजवर सरळ उभा असता तर कुठे असती ती. पोरगा चार पावलं पुढे येऊन वाकून मारतोय आणि बॉल छातीला आला म्हणून आपोआप नो बॉल होत नाही. टप्पा पडून आलेला बॉल सरळ उभ्या बॅट्समनच्या डोक्यावरून गेला तर मूळ नियमाप्रमाणे नो बॉल. खांद्यावरून जाणारा ओव्हरला एकच किंवा दोनच, हे पुन्हा कंडिशनमध्ये येतं, तुम्ही लिहिलं तरच. आणि क्रीजवर पोचायच्या आधी बॉलचे दोन टप्पे पडले तर २०१७ पासून तो नो बॉल आहे, आधी दोन टप्पे चालायचे, म्हणून जुने लोक अजून चालवून घेतात.

आता यातला खरा प्रश्न. कंबरेवरचे दोन फुलटॉस पडले की बॉलरला बंद करायचं असं बहुतेक टूर्नामेंटमध्ये सरळ लिहितात. २०१९ च्या बदलानंतर मूळ नियमात तसं नाही, अंपायरला तो बॉल धोकादायक वाटला तरच वॉर्निंग आणि तसं दुसऱ्यांदा झालं तर बंद. ११ वर्षांच्या लेगस्पिनरच्या हातातून बॉल सुटला, हळू लोंबकळत आला, त्याला बंद करून काय मिळवायचं? नो बॉल द्या, फ्री हिट लिहिली असेल तर द्या, आणि त्याला टाकू द्या.

फास्ट बॉलरच्या ओव्हर दिवसाच्या मोजा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच कुठल्याच कागदावर नसतं. मॅचला ४ ओव्हरची मर्यादा असते, पण दिवसाला दोन मॅच असतात, सकाळी शाळेकडून खेळला तर संध्याकाळी अकादमीकडून, आणि टीममध्ये एकच पोरगा जोरात टाकणारा असतो, कोच त्यालाच बॉल देणार. वाढत्या वयात पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी चीर) होतं ते असंच. इंग्लंडच्या बोर्डाने वर्षानुवर्षं वापरलेली मर्यादा आहे, अंडर-१३ पर्यंत एका स्पेलला (एका एंडने सलग टाकायच्या ओव्हर) ५ आणि दिवसाला १० ओव्हर, १४-१५ वर्षांना स्पेलला ६ आणि दिवसाला १२, आणि एक स्पेल झाला की त्या एंडने तेवढ्याच ओव्हर जाईपर्यंत विश्रांती. लक्षात घ्या की दिवसाच्या मर्यादेत सगळ्या मॅच धरतात. स्कोअरशीटवर एक रकाना वाढवा आणि कोचची सही घ्या, त्याला काही खर्च नाही.

फिल्डरचंही लिहा. अंडर-१३ ला बॅट्समनच्या ११ यार्डांच्या आत कोणी उभं राहायचं नाही, १४-१५ ला ८ यार्ड, अपवाद फक्त ऑफ साइडला विकेटच्या मागचे, म्हणजे स्लिप-गली. सिली पॉइंटला १२ वर्षांचा मुलगा हेल्मेटशिवाय उभा करणारे कोच मी बघितलेत. बॅटिंगला हेल्मेट सक्तीचं, कीपर स्टम्पजवळ उभा असेल तर त्यालाही. २०१२ मध्ये टॉन्टनला दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचरच्या डोळ्यावर स्टम्पवरची बेल उडून लागली आणि त्याचं करिअर तिथेच संपलं, आणि तो तर जगातला एक नंबरचा कीपर होता. मागे जमिनीवर ठेवलेल्या हेल्मेटला बॉल लागला तर ५ पेनल्टी रन हेही दोन्ही कॅप्टनना सांगून ठेवा.

मुंबईत अजून एक आहे. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, एका मैदानावर कितीतरी मॅच, तुमचा कव्हर दुसऱ्यांच्या फाइन लेगशेजारी उभा. जानेवारी २०२४ मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानात फिल्डिंग करणाऱ्या एका खेळाडूच्या डोक्याला शेजारच्या मॅचमधला बॉल लागून त्याचा जीव गेला. मुलांच्या मॅच शेजारी शेजारी ठेवू नका, आणि पर्यायच नसेल तर एक तरी मोठा माणूस बाउंड्रीवर ओरडून सांगायला उभा करा.

रिटायर किती रनला

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने शाळांच्या मॅचमध्ये नाबाद १००९ केले, टीमचे झाले ३ बाद १४६५, समोरची टीम ३१ आणि ५२ वर ऑल आउट. प्रणवचं कौतुकच आहे, एवढा वेळ एकाग्रतेने उभं राहणं सोपं नाही. पण समोरच्या मुलांनी तेवढा वेळ उन्हात फक्त बॉल आणले, आणि प्रणवच्या टीममधल्याही कितीतरी मुलांच्या हातात बॅट आली नाही. अंडर-१२, अंडर-१४ ला ५० वर रिटायर ठेवा. इथे नेमकी चूक होते ती अशी की "५० ला रिटायर" एवढंच लिहितात. मूळ नियमात दुखापत किंवा आजारपणाशिवाय रिटायर झालेला बॅट्समन आउट धरला जातो आणि समोरचा कॅप्टन हो म्हणाला तरच परत येतो. म्हणून पूर्ण लिहा, "रिटायर नॉट आउट, बाकी सगळे आउट झाले तर रिटायर झालेल्या क्रमाने परत येऊ शकतो".

नॉन-स्ट्रायकरचा रनआउट

बॉल पडायच्या आधीच क्रीज सोडून पुढे गेलेल्या नॉन-स्ट्रायकरला बॉलरने रनआउट केलं की मैदानात आरडाओरडा ठरलेला. १ ऑक्टोबर २०२२ पासून हा प्रकार नियमांमध्ये साध्या रनआउटच्या कलमात आहे, वॉर्निंग द्यायची अशी कुठलीही अट नाही. बॉलरला चीटर म्हणणं एकदम चूक. तरी अंडर-१२ ला एक वॉर्निंग द्यायची असं तुम्हाला वाटत असेल तर कागदावर लिहा, टीमला मिळून एक की प्रत्येक बॅट्समनला एक, तेही. त्याच तारखेपासून कॅच आउट झाल्यावर बॅट्समन क्रॉस झाले असले तरी नवीन बॅट्समनच स्ट्राइकला येतो, ओव्हर संपली असेल तरच नाही. हे अजून कितीतरी स्थानिक अंपायरना माहीत नाही.

टाय, पाऊस आणि नेट रनरेट

टाय झाली तर लीगमध्ये पॉइंट वाटून द्या, नॉकआउटला सुपर ओव्हर, तीही टाय झाली तर पुन्हा सुपर ओव्हर. १४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवर वर्ल्ड कप फायनल चौकार-षटकार मोजून ठरली आणि त्यानंतर आयसीसीनेच तो नियम काढला. उजेड गेला तर काय तेही लिहा, लीगमध्ये वर असलेली टीम पुढे असं ठेवलं तर चालतं.

पावसासाठी कमीत कमी किती ओव्हर झाल्या तर मॅच धरायची हे आधी ठरवा, टी-२० ला ५ असतात. साध्या रनरेटने टार्गेट काढणं दुसऱ्या टीमला सोपं जातं कारण ओव्हर कमी होतात पण विकेट दहाच राहतात, तरी ते सगळ्यांना समजतं. स्वतःची नवीन पद्धत मात्र शोधू नका. १९९२ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला सिडनीत दक्षिण आफ्रिकेला १३ बॉलमध्ये २२ हवे होते, पाऊस थांबला तेव्हा १ बॉलमध्ये २१ झाले.

नेट रनरेट (आपला ओव्हरमागचा रनरेट वजा समोरच्यांचा) चुकतो तो दोन जागी. टीम १४.२ ओव्हरमध्ये ९० ला ऑल आउट झाली तर भागायचं पूर्ण २० ने, म्हणजे ४.५०, ६.२८ नाही. आणि समोरच्यांनी ९१ रन १२.४ ओव्हरमध्ये केले तर एक्सेलमध्ये १२.४ टाकायचं नाही, ४ बॉल म्हणजे ओव्हरचा दोन तृतीयांश, तर १२.६७ ने भागायचं, ७.१८ येतात. हरलेल्या टीमचा नेट रनरेट उणे २.६८. २० ऐवजी १४.२ ओव्हरने काढला असता तर उणे ०.९० च्या आसपास दाखवला असता, आणि एवढ्या फरकात एक टीम सेमीफायनलला जाते आणि दुसरी घरी.

राहिलेलं

टॉसच्या आधी ११ नावं लेखी घ्या, नंतर बदल समोरच्या कॅप्टनच्या परवानगीनेच. बदली फिल्डर बॉलिंग करू शकत नाही, डोक्याला लागलं तर बदली खेळाडू मिळणार का ते वेगळं लिहा, आणि मी म्हणेन द्याच. मे महिन्यात, खास करून विदर्भ-मराठवाड्यात, सकाळी ७ ला मॅच सुरू करा आणि दर ५ ओव्हरला पाणी. तक्रार फक्त कोचने, लेखी, मॅच संपल्यावर अर्ध्या तासात द्यायची, आउट-नॉट आउटवर तक्रार घ्यायची नाही, आणि पालक बाउंड्रीच्या आत आले तर मॅच तिथे थांबवायची हेही त्याच कागदावर लिहून सगळ्या कोचच्या सह्या पहिल्या मॅचच्या आधी घ्या.