वर्कशॉपमध्ये कामगारांच्या कल्पना पुढे याव्यात म्हणून मालकाने काय करावं

सुरुवात गेटजवळच्या कुलूपबंद सूचनापेटीपासून करा. ती काढून टाका. कामगारांना काही सुचत नाही म्हणून ती रिकामी राहते असं नाही. चिठ्ठी टाकल्यावर पुढे काय होतं ते कुणालाच कळत नाही, म्हणून राहते.

पन्नास-शंभर माणसांच्या वर्कशॉपमध्ये पेटीच्या जागी फळा लावा. रकाने चार: आली, तपासतोय, चाचणी चालू, निकाल. सूचनेला अर्धा कागद पुरतो. काय अडतंय, कुठल्या मशीनवर आणि काय बदलायचं, एवढंच त्यावर हवं. ज्याला लिहिणं जमत नाही त्याचं सुपरवायझरने लिहून घ्यावं, पण नाव सांगणाऱ्याचंच टाकावं. एकदा का सुपरवायझरचं नाव वर गेलं, की सांगणारा पुन्हा तोंड उघडत नाही.

तीन दिवसांत उत्तर द्या. नकार असेल तर कारण लिहा. ‘या पार्टचं काम दोन महिन्यांत बंद होतंय’ हे उत्तर चालतं, ‘बघू’ चालत नाही. आणि ३,००० रुपयांपर्यंतचा खर्च सुपरवायझरला कुणाला न विचारता करू द्या. बऱ्याच सूचनांना एखादी पट्टी, पिन किंवा दिवा एवढंच लागतं. त्यासाठी सहीची वाट पाहण्यात महिना गेला की उत्साह संपतो.

चाचणी कशी घ्यायची ते एका उदाहरणावरून पाहा. ड्रिलिंगच्या फिक्स्चरमध्ये, म्हणजे भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यात, जॉब (ज्यावर काम चाललंय तो भाग) उलटाही बसतो, भोक भलत्या बाजूला पडतं आणि तपासणीत कळेपर्यंत क्रेटभर माल भंगारात जातो. ऑपरेटर सुचवतो, जॉबला जिथे खाच आहे तिथे ६ मिमीची डॉवेल पिन (जागा पक्की करणारी गोल खुंटी) ठोका. सरळ जॉब पिनवर बसेल, उलटा टेकणारच नाही. आधी मागच्या दोन आठवड्यांचं रिजेक्शन, म्हणजे किती माल नापास झाला ते, लिहून ठेवा, नाहीतर नंतर फरक कशाशी ताडणार? मग एकाच फिक्स्चरवर, सगळ्या पाळ्यांमध्ये, आठवडाभर चालवा. रात्रपाळीत पिन उपटलेली सापडली तर रागावू नका, कारण विचारा. बहुधा पिनच्या बुडाशी चिप्स (धातूचा कीस) साचून सरळ जॉबही टेकत नसतो. पिनभोवती चिप्स निघून जायला जागा कोरली की ती टिकते. चाचणी फक्त दिवसपाळीत, साहेब उभे असताना घेतली, तर हे कळतच नाही.

सगळ्यात मोठी चूक टार्गेटची. ऑपरेटरच्या युक्तीने ९० सेकंदांचं काम ७० वर आलं आणि दुसऱ्या दिवशी टार्गेट वाढलं, तर पुढची युक्ती तो स्वतःपाशीच ठेवेल, आणि त्याचं चुकतही नाही. म्हणून फळ्यावरच लेखी लावा: सूचनेमुळे सहा महिने टार्गेट वाढणार नाही, कुणाचं काम जाणार नाही. बक्षीस लहान आणि ठरलेलं असावं, चाचणीपर्यंत पोचलेल्या प्रत्येक सूचनेला २०० रुपये. बचतीच्या टक्क्यावर दिलं की हिशेबावरून वाद होतात आणि पिन ठोकून देणारा फिटर बाजूला राहतो.

नवं उत्पादन मात्र अशा फळ्यावर उगवत नाही, त्याला राखीव वेळ लागतो. थ्री-एम या अमेरिकन कंपनीत संशोधकांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवायची मुभा आहे. तिथला पोस्ट-इटचा (चिकटवून पुन्हा काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांचा) हलका गोंद १९६८ चा, आणि चिठ्ठ्या अमेरिकेत सगळीकडे विक्रीला आल्या १९८० मध्ये, म्हणजे मध्ये बारा वर्षं गेली. लहान वर्कशॉपला १५ टक्के परवडत नाहीत. दोन माणसं, शनिवारचे तीन तास आणि टूलरूममधलं एक मशीन एवढं तरी बाजूला काढा. डिस्पॅचची घाई झाली की पहिला घास याच तासांचा घेतला जातो. म्हणून त्यांना रीतसर वर्क ऑर्डर नंबर देऊन प्लॅनिंगच्या तक्त्यात घाला, म्हणजे दुसरं काम तिथे घुसवायचं असेल तर प्लॅनरला तुम्हाला विचारावं लागेल.