थंडीआधी बंबाची डागडुजी (माझा अनुभव)

निफाडची थंडी ज्यांनी अंगावर घेतली आहे, त्यांना पहाटेच्या गरम पाण्याची किंमत सांगायला नको. गॅस पुरेना, म्हणून माळ्यावरचा तांब्याचा बंब उतरवला. पेटवला तर न्हाणीभर धूर, पाणी मात्र कोमटच! मधल्या नळीत काजळी आणि आतून बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा थर. काठीला काथ्या बांधून नळी वरपासून खालपर्यंत घासली. क्षारांसाठी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून रात्रभर ठेवलं. थर भुसभुशीत होऊन सुटला. लोखंडी खरवडणी लावू नये, पत्रा पातळ असतो. जाळीखालची राखही काढली, हवा खेळायला हवी.

सरपण द्राक्षबागेतलंच. एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या मोळ्या बांधून विटांवर, पत्र्याखाली रचल्या की पावसाळाभर कोरड्या राहतात. ऑक्टोबरच्या छाटणीतल्या ओल्या काड्या नुसत्या धुमसतात. बागेतल्या काड्यांवर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात, म्हणून भाकरीच्या चुलीत त्या घालत नाही, तिथे बाभूळच. बंबही आता अंगणातच पेटतो. आधी पाणी भरायचं, मग जाळ. रिकामा तापला तर सांधे जोडणारी झाळ सुटते, आणि हल्ली तांबट सापडतो कुठे?