क्लोजरमध्ये ॲटम, फ्यूचर आणि एजंट वापरताना या चुका टाळा

क्लोजर या प्रोग्रामिंग भाषेतला डेटा बदलत नाही, म्हणून थ्रेडची (एकाच वेळी समांतर चालणाऱ्या कामांची) भानगडच उरली नाही, असं धरून चालू नका. ॲटम म्हणजे मूल्य ठेवायची सामायिक पेटी; तिच्यात आत्ता कोणतं मूल्य आहे, हे बदलतंच.

सर्रास दिसणारी चूक अशी. 'शिल्लक' या ॲटममध्ये १ आहे. कोड आधी डीरेफ करून (म्हणजे मूल्य वाचून) शिल्लक शून्याच्या वर आहे का ते बघतो, मग स्वॅप! (ॲटमचं मूल्य बदलणारं फंक्शन) करून एक वजा करतो. दोन थ्रेड एकदम आले, तर दोघांनाही १ दिसतो आणि शिल्लक उणे १ होऊन बसते. तपासणी आणि वजाबाकी दोन्ही स्वॅप!ला दिलेल्या एकाच फंक्शनमध्ये हव्यात.

मग ग्राहकाला ईमेलही तिथूनच पाठवायचा मोह होतो. तो आवरा. मध्येच दुसऱ्या थ्रेडने ॲटम बदलला, तर स्वॅप! तेच फंक्शन नव्या मूल्यावर पुन्हा चालवतो, आणि ग्राहकाला दोन ईमेल जातात. लॅपटॉपवर एकट्याने चाचणी घेताना हे सहसा दिसत नाही, लोड आला की दिसतं. १.९ आवृत्तीपासून स्वॅप-व्हॅल्स! आहे. ते जुनं आणि नवं अशी दोन्ही मूल्यं देतं. दोन्हींत फरक असेल तरच, फंक्शनच्या बाहेर, ईमेल पाठवा.

फ्यूचरमध्ये, म्हणजे दुसऱ्या थ्रेडवर चालवलेल्या कामात, एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) आलं तरी डीरेफ करेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. निकाल वाचायचाच नसेल, तर ट्राय-कॅच आत घाला. डीरेफला २००० मिलिसेकंदांची मुदत दिली, तरी ती संपल्यावर आतलं काम चालूच राहतं. ते थांबवायला फ्यूचर-कॅन्सल लागतं, आणि तेही थ्रेडला फक्त इंटरप्ट करतं. काम संपूनही स्क्रिप्ट मिनिटभर बंद होत नसेल, तर शेवटी शटडाउन-एजंट्स बोलवा. फ्यूचरचे रिकामे थ्रेड ६० सेकंद तग धरून असतात.

एजंट म्हणजे एक मूल्य धरून त्यावरची कामं मागाहून एकेक करणारा. त्याला डेटाबेस किंवा नेटवर्कचं काम सेंडने देऊ नका. सेंडच्या पूलमध्ये (थ्रेडच्या सामायिक साठ्यात) प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येपेक्षा फक्त २ थ्रेड जास्त असतात, ते वाट बघत अडकले की बाकीचे एजंटही खोळंबतात. अशा कामाला सेंड-ऑफ. एजंट अचानक नवी कामं नाकारू लागला, तर एजंट-एरर बघा: एरर-हँडलर दिलेला नसेल, तर एका एक्सेप्शनने तो बंद पडतो आणि रीस्टार्ट-एजंट केल्याशिवाय उठत नाही.

आणि नुसत्या बेरजांसाठी पीमॅप (मॅपचं अनेक थ्रेडवर चालणारं रूप) नको, साध्या मॅपपेक्षा हळू चालेल. पार्टिशन-ऑलने हजार-हजारचे गठ्ठे करून ते पीमॅपला द्या.