अंडी फुटली म्हणजे जिरे वाचले असे नव्हे: शेततळ्यातील शेवाळाचे विष मत्स्यबीज सोडण्यापूर्वी कसे तपासावे

सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागांत बागांसाठी खोदलेल्या आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांत उन्हाळाभर पाणी स्थिर उभे असते, ते तापते, आणि शेजारच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागेतून वाहून आलेले स्फुरद (फॉस्फरस) त्यात साठत जाते. अशा पाण्यात नीलहरित शेवाळ माजायला आणखी काही लागत नाही. ज्यांना या तळ्यांत कटला, रोहू, मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) या माशांचे जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, वाढवायचे आहेत, अथवा तळ्याचे पाणी अंडी उबवण्यासाठी वापरायचे आहे, त्यांच्यासाठी ही तपासणीची पद्धत लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पाण्यावरचा प्रत्येक हिरवा थर विषारी नसतो. सकाळी हिरवा आणि उन्ह चढल्यावर तांबूस होणारा थर बहुधा युग्लीना या एकपेशीय जीवाचा असतो. काठी बुडवल्यावर तिला केसांसारखे धागे लटकले, तर ते साधे तंतुमय शेवाळ समजावे. काठीवर रंगाचा हात दिल्यासारखा लेप बसला, तर मात्र नीलहरित शेवाळाचा संशय धरावा. खात्रीसाठी पाण्याने भरलेली काचेची बरणी रात्रभर न हलवता ठेवावी. मायक्रोसिस्टिस या नीलहरित शेवाळाच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असल्यामुळे ते सकाळी वर तरंगून जाड कडे करते, तर इतर बरेचसे शेवाळ तळाशी बसते किंवा पाण्यात पसरलेले राहते. नाव शेवाळ असले तरी नीलहरित शेवाळ हे मुळात जिवाणू आहेत, आणि एकाच जातीचे काही वाण विष तयार करतात तर काही करत नाहीत. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखता आली, तरी पाणी विषारी आहे की नाही हे ठरत नाही. ते त्या पाण्यात ठेवलेल्या माशाच्या अंड्यांतील भ्रूणांवरून कळू शकते.

या विषांपैकी सर्वांत परिचित असलेले मायक्रोसिस्टिन सात अमिनो आम्लांच्या कड्याचे बनलेले असते. ते पेशीतील प्रथिनांवरचे फॉस्फेट काढणारी विकरे (एन्झाइम) बंद पाडते आणि मुख्यतः यकृताची हानी करते. पाणी उकळल्याने ते नष्ट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी 1 लिटरला 1 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे, यावरून त्याची तीव्रता लक्षात यावी. माशाच्या अंड्यावर मात्र त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, आणि आपली फसगत नेमकी इथेच होते. अंड्याचे बाह्य आवरण या मोठ्या रेणूला बऱ्याच अंशी अडवते, त्यामुळे अंडी व्यवस्थित फुटतात आणि उबवणीचे प्रमाण चांगले दिसते. पिल्लू आवरणाबाहेर आले की ते विष थेट त्वचेला, कल्ल्यांना आणि पुढे आतड्याला भिडते. शिवाय शेवाळाच्या संपूर्ण अर्काने शुद्ध मायक्रोसिस्टिनपेक्षा जास्त हानी झाल्याचे झेब्रा माशांवरील प्रयोगांत दिसले आहे, कारण शेवाळात इतरही घातक द्रव्ये असतात.

मी स्वतः ही चूक केली आहे. एका उन्हाळ्यात तळ्यावर आलेला थर मोरचुदाने (कॉपर सल्फेट) मारला, दोन दिवसांनी पाणी निवळलेले पाहून समाधान मानले आणि मृगळाचे जिरे सोडले. चौथ्या दिवशी जाळीत जवळजवळ काहीच आले नाही. जिवंत शेवाळाचे विष बहुतांशी पेशीच्या आत असते. मोरचुदाने पेशी फुटल्या की ते सगळे एकदम पाण्यात उतरते, आणि पाणी दिसायला जितके स्वच्छ तितकेच घातक असू शकते. त्यात मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायूही खाते.

तपासणीसाठी झेब्रा मासे सोयीचे आहेत. ते मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात, त्यांची अंडी पारदर्शक असतात, आणि 2013 साली ओईसीडीने (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) स्वीकारलेली 96 तासांची भ्रूणचाचणी याच माशासाठी लिहिलेली आहे. आपण तिचे साधे रूप वापरणार आहोत. संध्याकाळी दोन-तीन जोड्या काचेच्या टाकीत सोडाव्यात आणि तळाशी गोट्यांचा थर द्यावा, नाहीतर मासे स्वतःचीच अंडी खातात. पहाटे उजेड पडताच ते अंडी घालतात. तासा-दोन तासांनी अंडी गोळा करून पांढरी पडलेली काढून टाकावीत. शंभरातली सत्तरही फळलेली नसतील, तर त्या दिवशी चाचणी करू नये.

तळ्यातले पाणी वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठावरून घ्यावे, कारण थर तिथेच जमतो. हातमोजे घालावेत, या पाण्याने कातडीवर पुरळ येऊ शकते. त्याचे दोन भाग करावेत. पहिला भाग दाट सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळून तसाच वापरावा. दुसरा भाग न गाळता स्टीलच्या डब्यात, वर मोकळी जागा ठेवून, शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवावा आणि वितळवावा. असे तीन वेळा केले की पेशी फुटतात, आणि मग ते पाणी गाळावे. हा दुसरा भाग उद्या थर मेला तर तळ्याचे काय होईल ते आजच दाखवतो, म्हणून माझ्या मते संपूर्ण तपासणीत तोच सर्वांत मोलाचा आहे.

दोन्ही भागांचे पूर्ण, निम्मे आणि पाव अशा प्रमाणांत चांगल्या पाण्याने मिश्रण करून उथळ काचेच्या वाट्यांत घ्यावे, आणि प्रत्येक वाटीत 20 अंडी ठेवावीत. तुलनेसाठी एक वाटी निव्वळ चांगल्या पाण्याची हवी. ते पाणी क्लोरीन नसलेले असावे, आणि वाळवा, पलूस, मिरज भागातील क्षारपड पट्ट्यातल्या विहिरीचे नसावे, कारण खारेपणानेही अंडी बिघडतात. सर्व वाट्या घरातल्या सर्वांत थंड खोलीत, 26 अंशांच्या आसपास ठेवाव्यात. तापमान 30 अंशांच्या वर जाऊ देऊ नये. रोज मेलेली अंडी काढावीत आणि निम्मे पाणी त्याच प्रमाणाच्या ताज्या मिश्रणाने बदलावे. सामू (पीएच) कागदाने पाहावा. तो 9 च्या वर असेल, तर दिसणारी हानी विषाचीच आहे असे म्हणता येत नाही.

आता निरीक्षण. पहिल्या 24 तासांत अंडे दुधाळ होणे म्हणजे भ्रूण मेला. एक दिवसाच्या भ्रूणात पाठीचे खंड दिसावेत आणि शेपटी पीतकापासून (अंड्यातील पिवळ्या बलकापासून) सुटलेली असावी. दुसऱ्या दिवशी साध्या सूक्ष्मदर्शकात हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराहून अधिक दिसतात. ते मंद वाटले तर नोंद करावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडी फुटतात, आणि इथे थांबण्याचा मोह टाळावा. हृदयाभोवती किंवा पीतकाच्या पिशवीत साचलेले पाणी, वाकलेला कणा, हात लावला तरी न हलणारे पिल्लू या खुणा बहुतेकदा चौथ्या दिवशी स्पष्ट होतात. तुलनेच्या वाटीत 96 तासांअखेर 20 पैकी किमान 18 जिवंत नसतील, तर सगळी चाचणी रद्द समजून पुन्हा करावी.

निव्वळ गाळलेल्या पाण्यात पिल्ले ठीक, पण गोठवलेल्या पाण्यात बिघडलेली आढळली, तर विष अजून पेशीत बंद आहे. तेव्हा थराला कोणतेही औषध मारू नये. पहाटे वारा नसताना तो बारीक जाळीने काठावरून ओढून काढावा, आणि तो गुरे-कोंबड्या पोहोचणार नाहीत असा जमिनीत पुरावा. उबवणीसाठी पाणी पृष्ठभागाच्या मीटरभर खालून घ्यावे आणि फवाऱ्यातून पाडून प्राणवायू मिसळावा. दोन्ही भागांत हानी दिसली, तर त्या तळ्यात जिरे सोडूच नयेत. पाण्यातले जिवाणू हे विष हळूहळू मोडतात, पण त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. म्हणून दिवस मोजण्याऐवजी दर आठवड्याला चाचणी पुन्हा करावी. दोन्हींत पिल्ले निरोगी असली, तरी पहिल्या मोठ्या पावसाने बागेतले खत तळ्यात आले की नवी चाचणी लावावी. शेण आणि सुपर फॉस्फेटची मात्रा तोवर थांबवावी, कारण जिऱ्यांच्या खाद्यासाठी म्हणून आपण घातलेले तेच खत शेवाळाला आधी मिळते.