केटामाइन आणि ईएमडीआर जोडीनं घ्यायचं असेल तर आधी एवढं बघून घ्या

2019 च्या ऑगस्टमधे सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा माझा मोठा भाऊ दोन रात्री गच्चीवर अडकला होता. पाणी उतरलं, घर धुऊन झालं, पण नंतर कितीतरी दिवस पत्र्यावर पावसाचा आवाज आला की दादा झोपेतून उठून गाडीची चावी शोधायचा. गोळ्या दोनदा बदलल्या, पुण्याच्या थेरपिस्टकडं ईएमडीआर नावाची थेरपी चालू केली, आणि मग मिरजेच्या डॉक्टरांनी केटामाइन सुचवलं. दोन्ही जुळवताना जे कळलं ते लिहितेय, कारण आपल्याकडं मराठीत हे कुणी नीट सांगत नाही.

ईएमडीआर म्हणजे त्रास देणारी आठवण मनात धरून डोळे डावीकडं-उजवीकडं हलवायचे, हे फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 च्या सुमारास सुरू केलं आणि 2013 मधे जागतिक आरोग्य संघटनेनंही पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनात राहून गेलेल्या त्रासासाठी, त्याची शिफारस केली. केटामाइन मुळात भुलीचं औषध. डिप्रेशनवर त्याचा उपयोग बऱ्यापैकी दिसलाय, पण ट्रॉमासाठी ते अजून ऑफ-लेबलच आहे, म्हणजे त्या आजारासाठी त्याला अधिकृत मंजुरी नाही, आणि तिथले अभ्यास काही बरे तर काही फारसा फरक न दाखवणारे. म्हणून माझं स्पष्ट मत, खरं काम थेरपीत होतं. केटामाइननं फक्त वाफसा येतो, मन थोडं मऊ पडतं, आणि वाफसा काय महिनाभर टिकत नाही, एका डोसचा परिणाम साधारण आठवड्याभरात ओसरायला लागतो, तेवढ्यात पेरणी झाली पाहिजे.

सुरुवात सायकियाट्रिस्टपासून करा. बीपी, हार्ट, पूर्वी कधी भास किंवा मेनिया (मन बेभान चढल्यासारखं होणं) झालाय का, नशेची सवय, प्रेग्नन्सी, काही लपवू नका. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांनी केटामाइनचा असर कमी होऊ शकतो, तेही विचारा, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

मग केटामाइनच्या आधीच थेरपिस्टबरोबर दोन-चार सेशन करून घ्या, त्यात 'सुरक्षित जागा' ठरवतात, म्हणजे घाबरायला झालं की मनानं जिथं जायचं ती. दादानं आटपाडीचा मामाचा मळा निवडला, डाळिंबाची बाग, जिथं उन्हाळ्यात पाणी टँकरनं यायचं. थेरपिस्टनं का म्हणून विचारलं तर म्हणाला तिथं पूर येत नाही.

केटामाइन हॉस्पिटलमधेच, मॉनिटर लावून आणि भूलतज्ज्ञ जवळ असताना घ्या. सलाईनमधून द्यायचं तर साधारण 40 मिनिटं लागतात, उपाशीपोटी यायला सांगतात, बीपी वाढतं, मळमळतं, आणि अंगापासून लांब गेल्यासारखं वाटतं. दादा मला म्हणाला, "चिमे, छत लांब चाललंय गं," मी नुसता हात धरून बसले, कुणीतरी असं बसायला असलंच पाहिजे. रात्रभर झोप होईपर्यंत गाडी अजिबात चालवू देऊ नका. आणि त्याच दिवशी ईएमडीआर करायची घाई नको, त्या औषधानं डोळे आपोआप थरथरतात, डोकंही जाग्यावर नसतं.

सेशन दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं आधीच बुक करा. पहिल्या वेळी आमचा इथंच घोळ झाला, हॉस्पिटलनं तारीख पुढं ढकलली ते थेरपिस्टला कुणीच कळवलं नाही, तिची पुढची वेळ मिळाली 9 दिवसांनी आणि तोवर दादा परत चावी शोधायला लागला होता, इतकी चीड आली मला. दुसऱ्या वेळी मी दोघांचा फोन जोडून दिला, सेशन तिसऱ्या दिवशी झालं. त्रास 0 ते 10 मधे किती हे ते विचारतात, गच्चीच्या आठवणीला दादा 9 म्हणायचा, त्या दिवशी 4 म्हणाला. सगळ्यांचं असंच होईल असं नाही.

घरी केटामाइन घ्यायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. आपल्याकडं ते शेड्यूल एक्समधे, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे, आणि सारखं घेतलं तर मूत्राशय खराब होतं, सवयही लागते. मधेच जीव नकोसा वाटला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, 14416 ला टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलतात.

आणि एक दोनशे पानी वही करा, डोस, बीपी, झोप, स्वप्नं, तो 0 ते 10 चा आकडा, सगळं त्यात, आणि दोन्हीकडं तीच वही न्या. आमच्या वहीत जूनमधल्या एका पानावर दादानं स्वतः लिहिलंय, रात्री पाऊस झाला म्हणे, मला सकाळी कळलं.