गुढी कशी उभारायची, फ्लॅटवाल्यांसाठी
चैत्र शुद्ध प्रतिपदा म्हणजे शालिवाहन शकाचं नवं वर्ष, आणि साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त, त्यामुळे वेगळा मुहूर्त बघत बसू नका, सकाळी लवकर उभारा. कोणी म्हणतं राम अयोध्येला परतला त्याची गुढी, कोणी म्हणतं ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली तो दिवस, दोन्ही चालतं.

काठी धुवून पुसून घ्या. टोकाला आधी साडी किंवा खण, छान निऱ्या घालून, मग कडुलिंबाची डहाळी, आंब्याची पानं, फुलांचा हार नि साखरेची गाठी, सगळं एकाच सुतळीने घट्ट आवळायचं आणि वरून तांब्या पालथा. तांब्या सैल राहिला तर वाऱ्याने खाली कोणाच्या तरी डोक्यात जाईल, म्हणून काठी ग्रिलला दोन ठिकाणी बांधा. खाली पाट, रांगोळी, हळदकुंकू, बास.

कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग, मीठ, भिजवलेली चणाडाळ वाटून चटणी करायची. गूळ जास्त घातला तरी पोरं तोंड वाकडं करणारच 😄

सूर्यास्ताआधी हळदकुंकू वाहून गुढी उतरवा, आणि गाठीला मुंग्या लागायच्या आत ती डब्यात टाका.